जकात, जॉबवर्क आणि पिंपरी-चिंचवड

पुण्याच्या वायव्येस मुंबई आणि नाशिक रस्त्यांलगत वसलेली पिंपरीवाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः शेतीवर जगत होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच एमआयडीसीने, या परिसरात मोठ्या प्रमाणावर जमीन संपादित केली. तरीही या गावांचे शहर झाले ते वाहननिर्मितीमुळे.

१९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळालेल्या बजाज समूहाने आकुर्डीत कारखाना उभारला. जर्मन सहकार्याने सुरू झालेली बजाज टेम्पो ही कंपनीही आकुर्डीतच स्थिरावली आणि तिच्या वाहनाचे नाव मराठीत इतके रुजले की कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आजही टेम्पोच म्हणतात. १९६६ मध्ये आलेल्या टाटा समूहाच्या टेल्को या वाहन कंपनीची वाटचाल मात्र वेगळी होती. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने पुण्यात आधी यंत्रे, साचे आणि प्रशिक्षित कारागीर घडवण्यावर भर दिला. तेथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. स्थानिक अर्थकारणाच्या दृष्टीने ही मधली अकरा वर्षे वाहनांच्या आकडेवारीपेक्षा अधिक मोलाची ठरतात, कारण साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये हात बसलेल्या माणसांचे कसब कारखान्याच्या भिंतीआड कोंडून राहिले नाही.

परकीय चलनाच्या टंचाईमुळे सुटे भाग आयात करण्यावर कडक निर्बंध होते आणि देशी भागांचे प्रमाण वाढवणे उत्पादकांना भागच होते. त्यातून भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखान्यांची दाटी झाली. यांतील अनेकांचे पोट जॉबवर्कवर चाले, म्हणजे कच्चा माल काम देणाऱ्याचा आणि शेडवाल्याला केवळ कामाची मजुरी. एखादा शाफ्ट एका शेडमध्ये लेथवर कातला जाई, दुसरीकडे भट्टीत तापवून कठीण केला जाई, तिसरीकडे ग्राइंडिंग होऊन मापात बसे आणि प्रत्येक टप्प्यावर चलनाच्या कागदासह टेम्पोतून पुढे जाई. माप जराही चुकले, तर जॉब रिजेक्ट होऊन शेडवाल्याच्या माथी येई. मजुरीचे पैसे उशिरा मिळत, बँकेचे व्याज मात्र थांबत नसे. मोठ्या कंपन्यांच्या यशाचे गोडवे गाताना ही उधारी कोणी सोसली, याची नोंद फारशी होत नाही, आणि ती व्हायला हवी.

१९७० मध्ये या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. तिच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार होता जकात, म्हणजे हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावरच वसूल होणारा कर. पोलादाचा पत्रा, ओतीव भाग, टायर असे सारे काही नाक्यावरूनच आत येत असल्याने वाहनांचे उत्पादन वाढले की पालिकेची तिजोरीही भरे, आणि मंदीची झळ त्याच वाटेने रस्ते, पाणी व शाळांच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचे. मराठवाडा, सोलापूर, सातारा आणि कोकणातून आलेल्या कामगारांनी खोल्या भाड्याने घेतल्या, आणि ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या होत्या त्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांना नांगराऐवजी या भाड्यावर संसार चालवावा लागला. सातबाऱ्यावरून नाव उतरणे आणि त्याच गावात चाळमालक होणे, हे दोन्ही एकाच पिढीने पाहिले. यातील नुकसान आणि लाभ यांची वजाबाकी करून हिशेब मिटवता येत नाही.

वाहननिर्मितीचे केंद्र पुढे सरकले. बजाजने १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला आणि १९९९ मध्ये खेड तालुक्यातील चाकणला कारखाने काढले. २००७ मध्ये बजाजचे आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबले. चाकणच्या परिसरात पुढे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा आल्या. चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे उतरणाऱ्या मालाची जकात पिंपरी-चिंचवडच्या तिजोरीत येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि २०१३ मध्ये तर येथील जकातच रद्द झाली. भोसरीतील शेड मात्र जागच्या हलल्या नाहीत: लेथच्या जागी सीएनसी यंत्रे आली आणि तयार जॉब भरलेले टेम्पो नाशिक रस्त्याने मोशीमार्गे चाकणकडे जाऊ लागले.