धाडसी खेळांचा इतिहास, बसच्या खिडकीतून

मंडळी, न्यूझीलंडच्या सरोवरांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत, काहींनी तर दोन-दोनदा. त्यामुळे पाणी किती निळं होतं आणि डोंगर किती उंच होते हे पुन्हा सांगत बसत नाही. मला लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठेही गेलं की "हे इथंच का झालं?" हा प्रश्न पडतोच. तसा तो तिथेही पडला. सारी वस्ती मिळून पन्नास लाखांच्या आसपास. मेंढ्या आणि दूधदुभतं यांवर चालणारा देश. अशा देशात पुलावरून उडी मारणं, दरीतून बोट पळवणं, विमानातून झेप घेणं हा एवढा मोठा व्यवसाय कसा काय झाला?

२०१८ च्या जानेवारीत मी आणि माझी नात पाठीवर एकेक पिशवी अडकवून दक्षिण बेटावर बसने फिरलो. ती नोकरीवर रुजू व्हायची होती, त्याआधीचे हे मोकळे दिवस. माझा भाचा क्राइस्टचर्चला राहतो. तो म्हणाला, "मावशी, गाडीने नेतो." पण नातीला बसनेच जायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. बसमध्ये चालकच रस्त्यावरच्या गावांची माहिती सांगत असतो. आपल्या एसटीच्या चालकांनी असं सांगायला सुरुवात केली तर किती बहार येईल!

क्राइस्टचर्चहून निघाल्यावर पहिलं मोठं सरोवर लागतं ते टेकापो. हिमनद्या खडक दळतात, त्या दळणाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यामुळे पाण्याला तो दुधाळ निळा रंग येतो. काठावर १९३५ साली बांधलेलं दगडी चर्च आहे. सगळे प्रवासी तिथे उतरून फोटो काढतात. आम्हीही काढले. पण माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा मिळाला तो टेकापोच्या पुढे, जिथे कोणी फोटो काढत नाही अशा उघड्या माळावर.

या भागाला मॅकेन्झीचा प्रदेश म्हणतात. मॅकेन्झी हा १८५५ साली मेंढ्या चोरल्याबद्दल पकडला गेलेला माणूस. चोराचं नाव अख्ख्या मुलखाला द्यायचं म्हणजे गंमतच आहे! याच माळावर आयरिशमन क्रीक नावाचं मेंढ्यांचं विस्तीर्ण कुरण होतं आणि त्याचे मालक होते विल्यम हॅमिल्टन. इकडच्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साधी मोटरबोट घातली की तिचा पंखा दगडावर आपटून मोडायचा. हॅमिल्टन यांना यंत्रांचं वेड. १९५० च्या दशकात त्यांनी बोटीच्या पोटातच पंप बसवला. खालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात बाहेर फेकायचं, त्या झोतावर बोट पुढे. खाली पंखाच नाही, त्यामुळे वीतभर पाण्यातूनही ती पळते. पाण्याच्या झोताची कल्पना आधी इतरांनाही सुचली होती, पण ती नदीत नीट चालवून दाखवली या मेंढीवाल्याने. १९६० साली त्यांच्या बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. पुढे हॅमिल्टन यांना 'सर' किताब मिळाला.

आज क्वीन्सटाऊनला लोक पैसे मोजून ज्या जेटबोटीत बसतात, ती अशी शेतावरची अडचण सोडवताना जन्मली. मीही बसले बरं का! शॉटओव्हर नदीच्या अरुंद घळीतून ती बोट दोन्ही बाजूंच्या कातळांना जणू घासत जाते, आणि चालक मध्येच तिला जागच्या जागी गर्रकन फिरवतो. नातीने माझा हात घट्ट धरला होता. मला आधार देण्यासाठी की स्वतःला, ते तिलाच ठाऊक.

टेकापोहून पुढे लिंडिस खिंड ओलांडली की क्रॉमवेल येतं. गावाजवळचं डन्स्टन सरोवर नकाशावर इतरांसारखंच दिसतं, पण ते निसर्गाने केलेलं नाही. क्लाइड धरणामुळे १९९२-९३ मध्ये ते भरलं आणि क्रॉमवेलचा जुना मुख्य रस्ता पाण्याखाली गेला. काही इमारती उचलून वरच्या बाजूला पुन्हा उभारल्या आहेत. आम्ही साताऱ्याची माणसं. कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला बोटीत बसताना खाली कोणाची घरं होती याचा विचार मनात येतोच. तोच इथेही आला.

क्रॉमवेलनंतर कावाराऊ नदीची घळ सुरू होते आणि तिथून खरा इतिहास सुरू होतो, सोन्याचा. १८६२ साली या भागातल्या नद्यांमध्ये सोनं सापडलं आणि काही महिन्यांत हजारो माणसं येऊन धडकली. जिथे आज क्वीन्सटाऊन आहे तिथे त्याआधी विल्यम रीस यांच्या मेंढ्या चरत होत्या. त्याच वर्षी शॉटओव्हर नदीवर डॅन एलिसन आणि हाकारिया हाएरोआ हे दोघे माओरी आले. त्यांचा कुत्रा प्रवाहात वाहून पलीकडे गेला. त्याला वाचवायला दोघांनी थंडगार पाण्यात उडी घेतली आणि पलीकडच्या कपारीत त्यांना सोन्याचे कण दिसले. रात्र पडेपर्यंत सुमारे ३०० औंस सोनं जमलं, असं सांगतात. आज त्याच नदीवर लोक आरडाओरडा करत मजा लुटतात!

पण सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. १८६३ च्या हिवाळ्यात महापूर आणि हिमवादळं आली. नदीकाठी तंबू ठोकून राहिलेली कितीतरी माणसं वाहून गेली, काही बर्फात गाडली गेली. त्यांनीही धोका पत्करलाच होता, पण पोटासाठी. त्यांच्या कमरेला कुणी दोर बांधला नव्हता.

पहिल्या लोंढ्यातली माणसं दुसरीकडे निघून गेल्यावर, १८६६ पासून चिनी कामगार आले. त्यांना ओटागोतल्या व्यापाऱ्यांनीच बोलावलं होतं. इतरांनी टाकून दिलेली वाळू पुन्हा धुऊन ते सोनं काढत. क्वीन्सटाऊनजवळच्या ॲरोटाऊनला नदीकाठी त्यांच्या दगडामातीच्या झोपड्या जपून ठेवल्या आहेत. आत वाकून जावं लागतं, एवढ्या ठेंगण्या. १८८१ साली चिनी माणसांवर दहा पौंडांची डोईपट्टी बसली, १८९६ साली ती शंभर पौंड झाली आणि कायद्यातून ती गेली १९४४ साली. २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी याबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली. ॲरोटाऊनला येणाऱ्या बसमधून बहुतेक मंडळी आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळतात. मी नातीला आधी झोपड्यांकडे नेलं. आइस्क्रीम नंतर खाल्लंच.

आता पुलाकडे येते. सोन्याच्या मुलखात जायला वाट हवी म्हणून १८८० साली कावाराऊ नदीवर झुलता पूल बांधला गेला. पुढे नवा रस्ता झाला, नवा पूल झाला आणि हा जुना पूल रिकामा राहिला. १२ नोव्हेंबर १९८८ रोजी ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश यांनी त्यावरून रबराच्या दोरीने उड्या मारून घ्यायला सुरुवात केली. ४३ मीटर उंची. पहिल्या दिवशी २८ जणांनी ७५ डॉलर देऊन उडी मारली. कायमच्या जागेवरची बंजी जगात इथे सुरू झाली.

पण ही कल्पना काही हॅकेटची नव्हे, आणि तो तसं म्हणतही नाही. प्रशांत महासागरात वानुआतु देशात पेंटेकोस्ट नावाचं बेट आहे. तिथले पुरुष लाकडी मनोरा उभारतात, घोट्याला वेलींचे दोर बांधतात आणि वीस-तीस मीटरवरून खाली झेपावतात. हा खेळ नाही, व्रत आहे म्हणा ना. याम नावाचा कंद (आपल्या कोनफळाचा भाऊ) काढायच्या दिवसांत हे होतं आणि उडी मारणाऱ्याचा खांदा जमिनीला टेकला की पीक चांगलं येतं अशी श्रद्धा. वेलीत रस भरलेला असेल तरच ती ताण सोसते, म्हणून त्याचे महिने ठरलेले. १९७४ साली इंग्लंडच्या राणीच्या भेटीसाठी अवेळी उड्या मारायला लावल्या, वेली तुटल्या आणि एका माणसाचा जीव गेला. पाहुण्यांच्या सोयीसाठी ऋतू बदलत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

त्या उड्यांपासून स्फूर्ती घेऊन १ एप्रिल १९७९ रोजी ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोरीने उड्या घेतल्या. पोलिसांनी अर्थातच पकडलं. ते पाहून न्यूझीलंडचा हॅकेट दोऱ्यांचे प्रयोग करू लागला आणि १९८७ च्या जूनमध्ये त्याने पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी मारली. यालाही पोलिसांनी पकडलं. व्रत, वात्रटपणा आणि मग व्यापार असा हा प्रवास आहे.

क्वीन्सटाऊनला पोहोचल्यानंतर दोन दिवसांनी आम्ही त्या पुलावर परत गेलो. नातीचं वजन केलं, तो आकडा तिच्या हातावर पेनाने लिहिला. वजनानुसार दोर निवडतात. घोट्यांभोवती आधी टॉवेल गुंडाळला, मग पट्टे. एकाने बांधलं ते दुसऱ्याने तपासलं. ती म्हणाली, "आजी, तू खाली नको, माझ्याकडेच बघ." मी तिच्याकडे बघत होते, पण बहुतेक वेळ माझं लक्ष त्या दुसऱ्या माणसाच्या बोटांवर होतं. ती गेली, पाण्याला हात लावून वर आली, पुन्हा खाली गेली. खाली तराफ्यावर दोघे जण काठी घेऊन तिला धरायला उभेच होते. सगळं मिळून काही मिनिटांत आटोपलं.

यानंतर मला दुसरा धागा सापडला आणि तो कायद्याचा आहे. १९७४ च्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडने अपघातासाठी एक निराळी योजना सुरू केली. अपघात कोणाच्याही चुकीने होवो, उपचारांचा खर्च सरकारी निधीतून. परदेशी पाहुण्यालाही तिथले उपचार मिळतात. त्याबदल्यात शारीरिक इजेच्या भरपाईसाठी सहसा कोणाला कोर्टात खेचता येत नाही. योजना आखली ती कामगार आणि अपघातग्रस्तांना चटकन मदत मिळावी म्हणून. पण तिचा एक परिणाम असा झाला की पुलावरून माणसं उडवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला एका दाव्यात बुडण्याची भीती उरली नाही. उघडा माळ, उथळ नद्या, सोन्याच्या काळातले पूल आणि त्यावर हा कायदा. मग धंदा वाढला यात नवल ते काय?

मात्र या नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लिहिताना हात जड होतो. १५ एप्रिल २००८ रोजी उत्तर बेटावर मांगाटेपोपो नदीच्या घळीत शाळेची मुलं शिबिराला गेली होती. पावसाने नदीला अचानक पूर आला. सहा विद्यार्थी आणि त्यांचे एक शिक्षक बुडाले. शाळेची सहल नेलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. बसमध्ये चढताना मुलं मोजायची, उतरताना मोजायची, रात्री झोपेतही मोजायची, असे दिवस आम्ही काढले आहेत. त्याच वर्षी कावाराऊ नदीत फळीवरून वाहत जाण्याच्या खेळात एक ब्रिटिश तरुणी दगवली. तिच्या वडिलांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. २००९ मध्ये सरकारने या साऱ्या व्यवसायाचा आढावा सुरू केला आणि २०११ साली नियम आले. धाडसी खेळ चालवणाऱ्याने बाहेरच्या तपासनीसाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यायची आणि नोंदणी करायची. तरीही ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी बेटावर ज्वालामुखी उसळला तेव्हा तिथे ४७ माणसं होती आणि त्यांतली २२ गेली. म्हणजे हे काम कधीच संपत नाही.

आणि सरोवरांचं काय? तीही आपोआप राहिलेली नाहीत. दक्षिणेकडच्या मानापोरी सरोवराची पातळी विजेसाठी ३० मीटरपर्यंत वाढवायची योजना होती. १९७० साली त्याविरुद्धच्या अर्जावर २,६४,९०७ लोकांनी सह्या केल्या. तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखही नव्हती. १९७२ च्या निवडणुकीत सरकार बदललं आणि पातळी वाढली नाही. १९७३ साली वानाका सरोवरासाठी वेगळा कायदाच केला. आम्ही वानाकाच्या काठावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, त्या या सह्या करणाऱ्यांच्या कृपेने.

तर सांगायचा मुद्दा असा. पुलावर उभी राहते ती एकटी मुलगी, पण तिच्या त्या उडीत पेंटेकोस्टचे शेतकरी आहेत, पुरात वाहून गेलेले खाणकामगार आहेत, माळावरचा मेंढीवाला आहे, आणि ज्यांच्यामुळे दोर दोनदा तपासायचा नियम कडक झाला ती सहा मुलं आणि त्यांचे गुरुजीही आहेत. आपली नातवंडंही आता कोलाडला नदीत आणि कामशेतला आकाशात जाऊ लागली आहेत. त्यांना नको म्हणू नका. पण निघताना "जपून रे बाळा" म्हणण्याऐवजी "दोर कोणी तपासला, आणि त्याला कोणी तपासलं?" एवढं जरूर विचारा. मुलं हसतील. हसू द्यात.