निनावी बाण

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना मुद्रितावरच्या खुणा नव्याने सांगायला नकोत. मजकूर निराळा आणि त्या मजकुराविषयी जुळाऱ्याला दिलेली सूचना निराळी: येथे ठळक टाइप घे, येथे परिच्छेद तोड. संगणकाच्या जगात ज्यांना 'मार्कअप' भाषा म्हणतात त्यांचे कूळ या खुणांतच आहे. १९६९ साली आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रांसाठी अशी एक भाषा रचली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला जीएमएल हे नाव पडले. गोल्डफार्ब हे मूळचे वकील. 'ठळक टाइप घे' असे न सांगता 'हा मथळा आहे' एवढेच सांगावे, तो कसा छापायचा हे ज्याचे त्याने पाहावे, ही त्यांची खरी करामत. खूण रूपाची न राहता अर्थाची झाली. १९८६ साली तिच्या वारसदार भाषेला, एसजीएमएलला, आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

वेबची एचटीएमएल ही याच घराण्यातली. तिचा जन्म जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाला. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. संस्थेत माणसे येतात, जातात, आणि जाताना माहितीही घेऊन जातात, ही त्या टिपणाची तक्रार. माइक सेंडॉल या वरिष्ठांनी त्यावर 'मोघम, पण चित्तवेधक' अशा अर्थाचा शेरा मारला, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र त्या शेऱ्यापेक्षा त्याच पानावरची आकृती अधिक बोलकी वाटते. तीत एकमेकांना जोडणारे बाण आहेत, आणि बाणांवर शब्द लिहिलेले आहेत! एक बाण सांगतो, 'याने हे लिहिले'; दुसरा सांगतो, 'यात हे समाविष्ट आहे'; तिसरा, 'हे त्याचे वर्णन करते'.

प्रत्यक्षात जे वेब जगभर पसरले त्यात बाण उरले, त्यांवरची नावे गेली. निळ्या अक्षरांवर बोट ठेवले की आपण दुसऱ्या पानावर जातो. त्या दोन पानांचे नाते मैत्रीचे की वैराचे, हे यंत्राला कळत नाही. नियमांत सोय नव्हती असे नाही. नाते सांगणारा 'रेल' नावाचा गुण १९९५ च्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदलेला आहे. पण ब्राउझर त्याची फारशी दखल घेईना, म्हणून लिहिणारा लिहीना. शिवाय बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर पान दाखवीत असे तसे लिहूही देत असे. १९९३ साली आलेल्या मोझेइकने वेब लोकांपर्यंत पोचवले, पण लिहिण्याची सोय त्यात नव्हती. वाचकाच्या हातातली लेखणी गेली ती तेव्हा. माझ्या मते हीच मोठी हानी. दुव्यांची नावे हरवणे हे तिचेच एक पोर.

ती नावे परत आणण्याचा उद्योग ज्यांनी केला त्यांत मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा हे प्रमुख. ॲपलमध्ये मांडलेली आपली कल्पना घेऊन ते १९९७ साली नेटस्केपमध्ये आले, आणि तिच्यातून १९९९ साली आरडीएफ ही पद्धती मान्य झाली. हिचे व्याकरण प्राथमिक शाळेतल्या मुलालाही समजावे असे आहे. प्रत्येक विधान तीन पदांचे: 'मनोरंजन'चा १९०९ चा दिवाळी अंक; संपादक; का. र. मित्र. झाले! मधले पद म्हणजे बाणावरचे नाव. आता मित्र हे धारण केलेले नाव, मूळ आडनाव आजगावकर. यंत्र याची दोन माणसे करील. म्हणून प्रत्येक वस्तूला वेबवरचा पत्ता द्यायचा, आणि हे दोन पत्ते एकाच माणसाचे, असे आणखी एक तीन पदांचे विधान करायचे.

२००१ साली बर्नर्स-ली, हेंडलर आणि लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये या 'अर्थजाणत्या वेब'चे मोठे चित्र रंगवले. ते तसे उतरले नाही. एक कारण सोवळ्याचे: एक्सएचटीएमएलच्या कडक शिस्तीत एक खूण मिटायची राहिली तरी सारे पान अडे. लोकांना ते परवडले नाही. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम २००९ साली गुंडाळले गेले. दुसरे कारण लबाडीचे. पानाच्या डोक्यात 'या पानाचे विषय' लिहिण्याची जागा होती. तीत दुकानदारांनी वाटेल ते शब्द कोंबले. ज्याला खोटे बोलून फायदा आहे त्याच्याकडूनच वर्णन मागायचे, मग दुसरे काय होणार?

या मोठ्या मनसुब्यांपेक्षा मला लहान हत्यारांचा इतिहास अधिक रसाळ वाटतो. १९९८ च्या सुमारास 'बुकमार्कलेट' आले: ब्राउझरच्या खुणेच्या पट्टीत ठेवलेली एका ओळीची आज्ञा. २००५ साली ग्रीझमंकी आले. दुसऱ्याचे पान आपल्या यंत्रावर आपल्याला हवे तसे बदलून वाचावे, ही त्याची मुभा. त्याच सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी 'पिगी बँक' केली. पानात आरडीएफ असेल तर ती ते गोळा करी. नसेल तर छोटी आज्ञावली लिहून वाचकालाच ते काढून घेता येई. आपल्याकडे 'पद्म' नावाची अशीच एक जोडणी वापरात होती. भारतीय भाषांतली कित्येक संकेतस्थळे तेव्हा आपापल्या खाजगी टंकांत असत. टंक नसला की मराठी मजकुराचा रोमन चिवडा दिसे, आणि तो शोधूनही सापडत नसे. 'पद्म' तो युनिकोडमध्ये उलगडून दाखवी. मालकाच्या परवानगीची वाट न पाहता वाचकाने वाचनीयता मिळवली, हे मला फार मोलाचे वाटते.

२०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा' हा शब्दसंग्रह काढला. गुहा तेथेही होतेच. नावे परत आली, पण ती शोधयंत्रांना हवी ती. मी सध्या जुन्या दिवाळी अंकांची एक सूची या पद्धतीने लिहीत आहे. वस्तूची किंमत, गिऱ्हाइकांनी दिलेले गुण, पदार्थ शिजायला लागणारा वेळ, या सर्वांना त्या संग्रहात शब्द आहेत. नियतकालिकाचा 'अंक' यालाही आहे. 'दिवाळी अंक' याला नाही. आरडीएफमध्ये स्वतःचा शब्द घडवण्याची मोकळीक आहे. मी तो घडवला, त्याला पत्ता दिला, आणि १९०९ च्या 'मनोरंजन'पुढे लिहून टाकला.