रात्रीची गोळी

“गोळ्या फुकट मिळतात, तरी या बाया घेत नाहीत, सरकारनं आणखी काय करायचं?” एचआयव्हीचा विषय निघाला की औशापासून नांदेडपर्यंत हे ऐकू येतं. पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. दारू आहे, आज इथे तर उद्या तिथे असं भटकणं आहे. गोळ्या मध्येच सुटल्या तर विषाणू औषधाला जुमानेनासा होऊ शकतो, हेही खरं. पण त्यावरून देहविक्री करणारी बाई बेफिकीर ठरत नाही.

एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ला सुरू झाली. तेव्हाच्या औषधांत स्टॅव्हुडिन होतं. त्यानं गाल बसत, हातपाय वाळत. जिचं पोट चेहऱ्यावर, तिला हा उपचार किती महाग पडला असेल! नंतर एफाविरेन्झ असलेली गोळी आली. तिनं गरगरतं, भलतीसलती स्वप्नं पडतात, म्हणून ‘झोपताना घ्या’ असं सांगत. कोणाच्या झोपेच्या वेळेला? जिचा धंदाच रात्री दहाला सुरू होतो, तिनं गोळी घेऊन गिऱ्हाइकापुढे झिंगत बसायचं? निरोध नको म्हणणाऱ्या माणसाला अडवायला डोकं ताळ्यावर लागतं. तिनं त्या रात्रीची गोळी चुकवली तर त्यात हिशेब होता. २०२०च्या सुमारास डोल्युटेग्राविरची गोळी आली. ती दिवसात कधीही चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. जुन्या नोंदींतला ‘गोळ्या चुकवते’ हा शेरा थोडा तरी औषधाच्या खात्यावर टाकायला हवा.

दुसरी गोष्ट लपवण्याची. सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बाया संघटित आहेत, दवाखान्यात एकीला दुसरीची सोबत मिळते. औशासारख्या तालुक्याच्या गावात काम फोनवर ठरतं, हायवेच्या लॉजवर होतं आणि घरमालकाला पत्ता नसतो. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली हातात घेतली की खुळखुळते. लेबल सोलून काढता येतं, आवाज कसा सोलणार? तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या की गोळ्यांसाठी लातूरला मारायचे हेलपाटे वाचतात, पण एका खोलीत तीन बाटल्या दडवाव्या लागतात. ही सोय कागदावर फार छान दिसते.

‘या लोकांना शिस्तच नसते’ म्हणणाऱ्यांनी औसा तालुक्यातल्याच हासेगावला जावं. तिथे रवी बापटले यांनी २००७मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय उभं केलं. ही मुलं काही जन्मजात शिस्तीची नव्हेत. जेवण ठरलेलं, आठवण करणारं माणूस जवळ आणि गोळी कुणापासून लपवायची नाही, एवढंच तिथे वेगळं आहे.

उरली दारू. ‘दारूवर गोळी घेतली तर विष होतं’ या समजापायी पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम टाळली जाते, आणि दारू सोडण्याच्या उपदेशानं तो समज पक्काच होतो. दारू वाईट हे सांगावंच, पण त्याच दमात हेही सांगावं, की प्यायली असलीस तरी आजची गोळी चुकवायची नाही.