शून्य कुठे असतं?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ७४१ नावाच्या चिपला आम्ही न चुकता अधिक-उणे १५ व्होल्ट द्यायचो. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो. एका रविवारी घरी तापमान मोजायचं सर्किट जुळवताना तीच चिप मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लावली. एलएम३५ हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे खोलीतल्या २८ अंशांना २८०. ते मला पाचपट करून हवे होते. पण सेन्सर बोटांत धरून गरम केला तरी मल्टिमीटरवरचा आकडा हलेना. चिप बदलली, तरी तेच. दोष चिपचा नव्हताच. शून्य कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं.

ऑप-अँपमधल्या 'ऑपरेशनल' या शब्दाचा अर्थ गणिती क्रिया: बेरीज, वजाबाकी, संकलन. हे नाव १९४७ साली जॉन रॅगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून रूढ झालं. तेव्हाच्या अ‍ॅनालॉग संगणकांत आकडा म्हणजे व्होल्टेज. आकडे ऋणही असतात, म्हणून व्होल्टेजलाही शून्याच्या दोन्ही बाजूंना जाता यायला हवं. १९५०च्या दशकातला, जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीचा के२-डब्ल्यू हा व्हॅक्यूम ट्यूबचा ऑप-अँप अधिक-उणे ३०० व्होल्टवर चाले आणि दोन्हीकडे ५० व्होल्टपर्यंत आउटपुट देई. शून्य मधोमध, आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस अंगण.

१९६८ साली फेअरचाइल्डमध्ये डेव्हिड फुलागर यांनी ७४१ घडवला. ट्यूबा गेल्या, ३००चे १५ झाले, पण शून्य मधेच राहिलं. गंमत म्हणजे ७४१च्या आठ पायांत 'ग्राउंड' असा पायच नाही. त्याला पुरवठ्याचं फक्त वरचं आणि खालचं टोक कळतं, आणि दोन्ही टोकांपासून साधारण दोन-दोन व्होल्टची जागा मोकळी लागते. एकूण ३० व्होल्टमध्ये ही जागा जाणवत नाही. ५ व्होल्टमध्ये मात्र भिंतींनीच खोली खाल्ली! माझे २८० मिलिव्होल्ट खालच्या भिंतीत गाडले गेले होते.

हा प्रश्न माझ्या जन्माआधीच सुटला होता. १९७२च्या सुमारास नॅशनल सेमिकंडक्टरचा एलएम३२४ आला. त्याच्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर असल्यामुळे एकाच पुरवठ्यावर त्याला थेट शून्यापर्यंतचं व्होल्टेज वाचता येई, तेही ३ व्होल्टपासून. शून्य आता मधून सरकून काठावर आलं होतं.

त्याही पुढे गेला तो बॉब विडलर. ७०२ आणि ७०९ या सुरुवातीच्या ऑप-अँप चिप त्याच्याच. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला चालू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. असे दोन एकावर एक रचले की १.२ व्होल्ट तिथेच खर्च. विडलरने एलएम१० अशा रीतीने रचला, की ही उतरंड लागूच नये. १९७८ साली त्याने या युक्त्यांवर निबंधही लिहिला. एलएम१० अवघ्या १.१ व्होल्टवर चालतो, म्हणजे विजेरीतल्या एकाच, अर्धवट संपलेल्या सेलवरही.

अर्थात ही काटकसर फुकट मिळत नाही. ५० व्होल्टच्या अंगणात १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे पन्नास हजारांत एक. १ व्होल्टच्या खोलीत तीच चूक हजारात एक. पुरवठा कमी केला म्हणून सर्किटमधला गोंगाट त्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय ऋण बाजू हवी असेल, तर दोन सारखे रोध लावून मधोमध २.५ व्होल्टचं एक भाड्याचं शून्य उभारावं लागतं.

मी ३२४चा धाकटा भाऊ एलएम३५८ आणला, तारा बदलल्या. आकडा १.४ व्होल्टवर आला आणि सेन्सर बोटांत धरताच चढू लागला. मग जुनी वही काढून पाहिली. त्रिकोण होते, सूत्रं होती, उत्तरंही बरोबर होती. पण एकाही त्रिकोणाला पुरवठ्याच्या दोन तारा काढलेल्या नव्हत्या. खोली केवढी आहे, हे न विचारताच आम्ही चार वर्षं तिच्यात गणितं मांडत होतो.