कलेक्टरला कान, प्रोफेसरला डोळे

मंडळी, एक गंमत बघा. कलेक्टर, कमिशनर, कंडक्टर, कमिटी या शब्दांच्या स्पेलिंगात सुरुवातीला 'सी'पुढे 'ओ' आहे. तरी आपण कुणी 'कोलेक्टर' म्हणत नाही. उलट पोलीस, प्रोफेसर, टोमॅटो यांतला पहिला 'ओ' आपण ठणठणीत वाजवतो. इंग्रज तिथे जेमतेम 'प', 'प्र', 'ट' म्हणून पुढे सटकतो.

जोर नसलेला स्वर असा गिळायची त्याची सवय. या गिळलेल्या स्वराला 'श्वा' म्हणतात. नाव मूळ हिब्रू. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत त्याला स्वतःचं घरच नाही! आपल्याकडे मात्र तो मुळाक्षरांत पहिलाच... अ. (तंतोतंत तोच नाही, पण चुलतभाऊ नक्की.)

माझा तर्क असा, की कलेक्टर-कमिशनर कानाने आले. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. नागपुरात जिल्ह्याचा धनी डेप्युटी कमिशनर. दाराशी उभ्या चपराशाला स्पेलिंग कुठलं ठाऊक? साहेब बोलला तसं तो बोलला. जनरल, मास्तर, बटण हेही त्याच वाटेने आले असावेत. प्रोफेसर आला तो पुस्तकातून, डोळ्यांनी. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं; पुढे शिकणारे वाढत गेले, पण इंग्रज मास्तर असे कितीसे? पोलीसचं तर नागपुरात अजून दोन्ही चालतं: मराठीत पोलीस, हिंदीत पुलिस.

साहेबाचीही पंचाईत झालीच. आपला 'अ' लिहायचा कसा? कंपनीच्या काळात त्यांनी 'यू' वापरला. बर्डीच्या इंग्रजी स्पेलिंगात आणि पंजाबच्याही तो अजून बसलाय. पुढे हंटरसाहेबाच्या पद्धतीत 'ए' आला, आणि कमल नि कमाल एकाच स्पेलिंगात जाऊन बसले. (परदेशातल्या भाचरांनो, तुमच्या नावांचे हाल का होतात ते कळलं?)

असो. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. भंडाऱ्या-गडचिरोलीकडचा मुलगा मुलाखतीत 'फोटोग्राफर' म्हणतो, 'कम्फर्टेबल'मधलं टेबल स्पष्ट वाजवतो, आणि समोरचे गालात हसतात. अहो, त्याने छापलेलं प्रामाणिकपणे वाचलंय! हवा तो स्वर जन्मापासून त्याच्या तोंडात आहे. कुठे वापरायचा एवढंच कुणी सांगितलं नाही. मी पुतणीला शब्द देवनागरीत लिहून देतो. फटॉग्रफर. एकदा वाचलं, की जमतं तिला.