एक वर्ग, वेगवेगळा अभ्यास : परितेवाडीचे क्यूआर कोड

टेंभुर्णी ज्या माढा तालुक्यात (जि. सोलापूर) आहे, त्याच तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

अडचण काय असते?
एकाच इयत्तेत कोणी गोष्ट घडाघडा वाचतो, तर कोणी अजून अक्षरांतच अडखळतो. धडा मात्र सर्वांना एकच. मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याला ‘स्तरनिहाय अध्यापन’ म्हणतात.

डिसले यांनी काय केले?
पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, धड्याचा व्हिडिओ, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडतो. मुलांचा प्रतिसाद पाहून ते त्यातील मजकूर आणि स्वाध्याय बदलत. छापलेले पान तेच राहते, त्यामागचा अभ्यास बदलता येतो.

पुढे काय झाले?
राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. २०१७ मध्ये केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठही सुरू झाले.

लक्षात ठेवण्यासारखे
कोड स्वतः मुलामुलांत फरक करत नाही. एकच व्हिडिओ सर्वांना दाखवला, तर तो पडद्यावरचा फळाच. कोण कुठे अडले हे शिक्षकाने पाहून त्याप्रमाणे पुढचे काम दिले, तरच संगणक किंवा मोबाइल उपयोगी पडतो. शिवाय त्या वेळात शिक्षकाला मागे पडलेल्या मुलाजवळ बसता येते.