बाळंतिणीचे दिवस आणि जिनाचा हंगाम



बाळंतिणीने किती दिवस विसावा घ्यावा, असे विचारले तर आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका सव्वा महिना सांगतील. कायद्याने हे दिवस निराळ्या रीतीने मोजले. त्या मोजणीचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. कायदे वाचले ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य कमी आणि हजेरीपट जास्त येईल.

1919 साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणापूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजेचा ठराव केला. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात तशा आशयाचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिविषयक विधेयकाची बाजू घेतली. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, कारण लोककल्याण हे सरकारचे काम. परंतु जो मालक बाईच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते पुढचा सगळा वाद या दोन वाक्यांत आलेला आहे. 1929 साली मुंबईने कायदा केला, दिवसाला आठ आणे ठरले. आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेले होते. त्या प्रांताचा कायदा 1930 सालचा.

पुढे विम्याची कल्पना आली. प्रा. अडारकरांचा अहवाल 1944 चा, कायदा 1948 चा, आणि योजना 1952 साली कानपूर व दिल्लीत सुरू झाली. मालक व कामगार दोघांनी वर्गणी भरायची, आणि विमेदार बाईला दवाखाना व बाळंतपणाच्या काळात रोख रक्कम मिळायची. 1954 साली योजना नागपुरात व मुंबईत पोचली.

मग खामगावचे काय? जलंबहून खामगावला 1870 साली रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. या जिल्ह्यात कारखाना म्हटला की पहिल्याने जीन आणि प्रेस डोळ्यांपुढे येतात. पण 1948 च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे काय, तर ज्या कारखान्यांत केवळ सरकी काढणे, गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर करणे अशी कामे चालतात ते. विमा काढताना नेमका आमचाच धंदा नाव घेऊन बाजूला ठेवला होता!

1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने कारखान्यांना, हंगामी असले तरी, मालकाच्या खर्चाने रजा द्यायला लावले. परंतु अट 160 दिवसांच्या कामाची होती. जीन दिवाळीनंतर लागते आणि होळी उलटली की थंडावते. सुट्ट्या वजा जाता 160 दिवस भरायचे कसे? ही अट 80 दिवसांवर येण्यास 1988 ची दुरुस्ती लागली. औषधपाण्याचा बोनस प्रथम 25 रुपये होता, 2011 पर्यंत 3500 झाला.

ऐंशी दिवस तरी सोपे नव्हते. आम्ही नवखे असताना, 1996 च्या सुमारास, एका जिनातली बाई आमच्याकडे आली. हजेरीपटावर तिचे 71 दिवस होते, कारण संक्रांतीनंतर मुकादमाने तिच्या जागी तिच्या नणंदेचे नाव घातले होते. सुदैवाने तिने आठवड्याच्या मजुरीच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यात जपल्या होत्या. चौदा चिठ्ठ्या, दर चिठ्ठीला सहा दिवस, म्हणजे 84. पैसे मिळाले, पण तोवर पोर चालू लागले होते. बाळंतपणानंतर बाविसाव्या दिवशी ती बाई पुन्हा रुईच्या धुळीत उभी होती.

2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील बाळंतपण विनामूल्य केले: साध्या बाळंतपणाला तीन दिवस, शस्त्रक्रियेला सात दिवस जेवण, शिवाय औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी. हे काम मोठे आहे, ते आम्ही कमी लेखीत नाही. मात्र त्यात मजुरी नाही. चौथ्या दिवशी गाडी बाईला घरी सोडते, आणि घरात पिठाचा डबा रिकामा असतो.

रजा 2017 साली 26 आठवड्यांची झाली. 2020 साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. विम्याचे कलम आम्ही उत्सुकतेने उघडले. दहा कामगारांची आस्थापना विम्यात येईल, असे तिथे लिहिले आहे. आणि त्याच वाक्यात पुढे, हंगामी कारखाने सोडून.